फ्लशच्या टाकीतील यंत्रणेचाही विचार व्हावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरबांधणी आणि गृहसजावट या विषयांना वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत आता कायमची जागा मिळाली आहे. स्वयंपाकघरातील ओटा, दिवाणखान्यातील प्रकाशयोजना, खिडक्यांचे पडदे यांवर भरभरून लिहिले जाते. स्वच्छतागृहाविषयी लिहिले गेले, तरी ते फरशीचा रंग आणि आरशाची चौकट यांपुढे सहसा जात नाही. घरातील प्रत्येक जण, लहान मुलांपासून थकलेल्या आजीआजोबांपर्यंत, दिवसातून अनेकदा ज्याचा वापर करतो, त्या कमोडची निवड कशी करावी आणि त्याची यंत्रणा वर्षानुवर्षे नीट कशी चालती ठेवावी, याबाबत मात्र ग्राहकाला विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून राहावे लागते. टाकीच्या आतील चालते भाग कसे आहेत आणि ते झिजल्यावर सहज बदलता येतील की नाही, ही कमोड निवडण्याची पहिली कसोटी असली पाहिजे, असे मला या पत्राद्वारे आग्रहाने मांडायचे आहे.

असे म्हणण्याचे कारण साधे आहे. कमोडचे भांडे उच्च तापमानाला भाजलेल्या चिनीमातीचे असते. ते नीट बसवले आणि त्यावर जड वस्तू आदळली नाही, तर कित्येक दशके त्याला काही होत नाही. बिघडतात ते टाकीतील रबरी वायसर, प्लास्टिकचे व्हॉल्व्ह, बटणाखालचे दांडे आणि सीटची बिजागरी. खरेदीच्या वेळी यांतला एकही भाग ग्राहकाच्या दृष्टीस पडत नाही, कारण दुकानात मांडलेल्या नमुन्याची टाकी बहुधा रिकामीच असते. विक्रेत्याला टाकीचे झाकण उचलायला सांगावे आणि आत हात घालून पाहावे, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. टाकी रिकामी असेल, तर तिच्यात बसवली जाणारी यंत्रणा आणून दाखवा, असे म्हणण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

एका फ्लशमध्ये काय काय घडते, हे एकदा झाकण काढून पाहिले, तर पुढची निम्मी दुरुस्ती आपोआप समजते. बटण दाबताच टाकीच्या तळाशी असलेला फ्लश व्हॉल्व्ह उचलला जातो आणि साठलेले पाणी काही सेकंदांत भांड्यात उतरते. पाण्याची पातळी खाली जाते तसा फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा भाग, खाली येतो, त्याबरोबर फ्लोट व्हॉल्व्ह, ज्याला अनेक जण अजूनही बॉलकॉक म्हणतात, तो उघडतो आणि नवे पाणी आत येऊ लागते. याच वेळी एका बारीक नळीतून थोडे पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टाकीतील जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या, उभ्या नळीत पडत असते. ही बारीक नळी पुष्कळांना निरुपयोगी वाटते, पण अशा रचनेच्या कमोडमध्ये फ्लशनंतर भांड्यातील पाण्याची पातळी पुन्हा पूर्ववत करण्याचे काम तीच करते. ती निसटून टाकीतच पाणी सोडू लागली, तर भांड्यातले पाणी कमी राहते आणि दुर्गंधी येऊ शकते. उलट कुणी तिचे टोक ओव्हरफ्लोच्या नळीत खोलवर, टाकीतील पाण्याच्या पातळीखाली खुपसले, तर टाकीतले पाणी तिच्यावाटे सतत ओढले जाते. तिचे टोक चिमट्याने ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या वरच्या बाजूला राहील, असेच बसवलेले असावे.

भांड्यातील त्या पाण्याचे महत्त्व मोठे आहे. लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये वळणदार नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले, तेव्हापासून आजवर कमोडच्या मुळाशी तेच तत्त्व आहे. वळणात अडकून राहिलेले पाणी मलवाहिनीतील वायू घरात येऊ देत नाही. म्हणूनच बरेच दिवस घर बंद राहिल्यावर स्वच्छतागृहात वास येत असेल, तर प्रथम वळणातील पाणी वाळून गेले आहे का ते पाहावे. तसे असेल, तर बादलीभर पाणी ओतल्याने काम भागते.

आता निवडीविषयी. कमोड मुख्यतः दोन तऱ्हांनी साफ होतात. एका प्रकारात पाण्याच्या लोटाने मळ सरळ ढकलला जातो. यात बाहेर जाणारा मार्ग रुंद असतो आणि तो क्वचितच तुंबतो, मात्र भांड्यातील पाण्याचा पृष्ठभाग लहान असल्यामुळे बाजूंना डाग अधिक पडतात आणि ब्रश वरचेवर घ्यावा लागतो. दुसऱ्या प्रकारात अरुंद, वळणदार मार्ग पाण्याने पूर्ण भरतो आणि सायफनच्या ओढीने भांडे रिकामे होते. यात भांडे अधिक स्वच्छ राहते आणि पाणी शांतपणे ओढले जाते, पण मार्गाचा व्यास ५० मिलिमीटरच्या आसपास असल्याने भलती वस्तू पडली की ती अडकण्याची भीती जास्त. ज्या घरात लहान मुले आहेत किंवा पाण्याचा साठा मर्यादित आहे, तिथे मी पहिल्या प्रकाराची शिफारस करीन. कोणताही प्रकार घेतला, तरी बाहेर जाणाऱ्या मार्गाला आतून झिलई आहे ना, हे तपासावे. भांड्याच्या मागील तोंडातून आत बोट फिरवले की गुळगुळीत आणि खरखरीत यांतला फरक तत्काळ कळतो. खरखरीत मार्गात कागद आणि मळ अडकत राहतो, आणि हा दोष नंतर कशानेही दूर करता येत नाही.

कमी पाण्याचा फ्लश म्हणजे कमकुवत फ्लश, हा समज अजूनही टिकून आहे आणि त्याला थोडा इतिहास आहे. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने घरगुती कमोडसाठी एका फ्लशला सुमारे ६ लिटरची मर्यादा घातली आणि ती १९९४ पासून लागू झाली. त्याआधी तिथे १३ लिटरचे कमोड सर्रास असत. जुन्याच घडणीच्या भांड्यांत फक्त पाणी कमी केल्यामुळे सुरुवातीच्या अनेक कमोडना दोनदा फ्लश करावे लागे आणि त्यांची अपकीर्ती झाली. त्यानंतर भांड्याचा आकार, पाणी सोडणाऱ्या झडपेची रुंदी आणि मार्गाची वळणे नव्याने आखली गेली. एका फ्लशमध्ये किती वजन वाहून जाते, हे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याने मोजण्याची स्वतंत्र चाचणी उत्तर अमेरिकेत २००३ पासून सुरू झाली. तिच्यात ३५० ग्रॅमपासून १,००० ग्रॅमपर्यंत वजन वाहून नेणारे कमोड आढळतात आणि त्यांपैकी कित्येक ५ लिटरपेक्षाही कमी पाण्यावर चालतात. तेव्हा लिटरच्या आकड्यावरून घाबरून न जाता, अशा चाचणीचा निकाल उपलब्ध आहे का, अशी विचारणा करावी. ऑस्ट्रेलियात १९८० च्या सुमारास बाजारात आलेली दोन बटणांची पद्धत आता जगभर पसरली आहे आणि ती निःसंशय चांगली आहे. पण तिच्यातील यंत्रणा एका बटणाच्या टाकीपेक्षा गुंतागुंतीची असते, म्हणून तिच्या सुट्या भागांची चौकशी आधीच करून ठेवणे अधिक आवश्यक ठरते.

मापांच्या बाबतीत घाई झाली, तर चांगला कमोडही वाया जातो. मलवाहिनीचे तोंड जमिनीत असेल तर एस ट्रॅप, म्हणजे खाली उतरणाऱ्या मार्गाचा कमोड, आणि भिंतीत असेल तर पी ट्रॅप, म्हणजे मागे जाणाऱ्या मार्गाचा कमोड लागतो. एस ट्रॅपसाठी फरशा बसवून पूर्ण झालेल्या भिंतीपासून त्या तोंडाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहून न्यावे. भिंतीला अजून गिलावा आणि फरशा लागायच्या असतील, तर त्यांची जाडी धरायला विसरू नये. भांडे घरी आल्यावर ते सपाट जागेवर ठेवून डुगडुगते का ते पाहावे, कारण भट्टीत तळ किंचित वाकलेला असू शकतो. बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवून पाहावे. अखंड भांडे खणखणीत वाजते, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर असण्याची शक्यता असते. कमोड बसवण्यापूर्वीची ही पाच मिनिटे फार मोलाची आहेत, कारण सिमेंट लागल्यावर तक्रार कोण ऐकून घेणार?

भिंतीत दडवलेल्या टाक्यांविषयी जरा विस्ताराने लिहावेसे वाटते. त्या दिसायला सुबक आहेत, खालची जमीन पुसायला मोकळी राहते, हे मान्य आहे. चांगल्या घडणीच्या टाकीत बटणाची पट्टी काढली की तिथल्या चौकोनी खिडकीतून हात घालून दोन्ही व्हॉल्व्ह बाहेर काढता येतात. मात्र सगळ्याच टाक्या अशा नसतात. माझ्या एका निकटच्या नातेवाइकांकडे अशा टाकीतून रात्रंदिवस पाणी झिरपू लागले. दोष केवळ एका वायसरचा होता. परंतु खिडकी इतकी अरुंद होती की व्हॉल्व्ह बाहेर येईना, शिवाय तो नमुना बनवणे कंपनीने बंद केलेले असल्यामुळे भाग मिळेना. शेवटी फरशा फोडून टाकी बदलावी लागली, आणि त्या रंगाच्या फरशा पुन्हा न मिळाल्याने भिंतीवर ठिगळ लावल्यासारखे दिसते ते वेगळेच. हा मनस्ताप टाळता येण्याजोगा होता, म्हणूनच त्याचे मला अधिक वाईट वाटते. भिंतीतली टाकी घ्यायचीच असेल, तर भिंत बंद होण्यापूर्वी प्लंबरकडून दोन्ही व्हॉल्व्ह त्या खिडकीतून प्रत्यक्ष काढून आणि परत बसवून घ्यावेत, आणि फ्लश व्हॉल्व्हचा एक जादा वायसर त्याच दिवशी विकत घेऊन ठेवावा.

बाहेर दिसणाऱ्या टाकीत भांडे आणि टाकी एकसंध असलेला कमोड पुसायला सोपा असतो, तर दोन तुकड्यांच्या कमोडमध्ये टाकी फुटली तर तेवढीच बदलता येते. दुसऱ्यात मधला रबर आणि बोल्ट या गळतीच्या जादा जागा असतात. त्यांचे बोल्ट पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच असावेत, कारण नुसता मुलामा दिलेले लोखंडी बोल्ट सततच्या ओलीने गंजून जाग्यावर धरतात. आपल्याकडे पाणी उंचावरच्या टाकीतून कमी दाबाने येत असेल, तर फ्लोट व्हॉल्व्ह तेवढ्या दाबावर चालतो का, हेही विचारावे.

देखभालीत सर्वांत दुर्लक्षित राहते ती मुकी गळती. नळ ठिबकला तर आवाज येतो, खाली डाग पडतो. फ्लश व्हॉल्व्हमधून भांड्यात उतरणारे पाणी मात्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. समजा, दर अर्ध्या तासाला तीन लिटर पाणी असे निघून गेले, तर दिवसाला १४४ लिटर आणि महिन्याला ४,३०० लिटरहून अधिक पाणी कुणीही न वापरता गटारात जाते. ही गळती शोधण्यासाठी टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकावेत आणि पंधरा-वीस मिनिटे फ्लश करू नये. भांड्यातील पाण्याला रंग चढला, तर व्हॉल्व्ह गळतो आहे. दोष नेमका कुठे आहे हे ठरवण्यासाठी आणखी एक उपाय आहे. टाकीला पाणी देणाऱ्या नळीवरचा छोटा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करून टाकीच्या आतल्या बाजूने पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ मारावी आणि तासाभराने पाहावे. पाणी रेघेखाली गेले असेल, तर बहुधा खालचा फ्लश व्हॉल्व्ह दोषी आहे. पाणी रेघेवरच असेल, पण कॉक उघडल्यावर ते ओव्हरफ्लोच्या नळीत सांडत असेल, तर फ्लोट व्हॉल्व्ह पाणी थांबवत नाही, असे समजावे. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडापासून साधारण अडीच सेंटिमीटर खाली असावी. ती जास्त असेल, तर फ्लोटजवळचा स्क्रू फिरवून खाली आणता येते.

फ्लोट व्हॉल्व्ह बंद होत नसेल, तर तो लगेच बदलण्याची गरज नसते. पुष्कळदा त्याच्या रबरी पडद्याखाली वाळूचा कण किंवा गंजाची कपची अडकलेली असते. पाईपलाईनचे काम झाल्यावर किंवा पाण्याची टाकी धुतल्यावर हे हमखास घडते. अँगल कॉक बंद करावा, फ्लश करून टाकी रिकामी करावी, व्हॉल्व्हच्या डोक्यावरचे टोपण हलकेच फिरवून काढावे, आतला पडदा उचलून त्याची खालची बाजू बोटाने चाचपावी. नंतर उघड्या तोंडावर एक पेला उपडा धरून कॉक दोन-तीन सेकंद उघडावा, म्हणजे नळीत साठलेला कचरा जोराने बाहेर येतो आणि छतापर्यंत फवारा उडत नाही. पडदा धुऊन परत त्याच बाजूने बसवावा. त्याला चीर गेली असेल किंवा त्यावर खोल वण पडला असेल, तर तेवढा पडदा बदलावा.

फ्लश व्हॉल्व्हची तऱ्हा वेगळी. जुन्या पद्धतीच्या टाकीत साखळीने उचलली जाणारी रबरी झडप असते. साखळी जेमतेम एक सेंटिमीटर सैल हवी. ताठ असली तर झडप पूर्ण बसत नाही आणि लांब असली तर तिचाच पीळ झडपेखाली येतो. दोन बटणांच्या टाकीत मधला उभा नळकांडा थोडा फिरवला की निघतो आणि त्याच्या बुडाशी रबराची किंवा सिलिकॉनची चकती दिसते. तिच्यावर क्षाराचा थर बसला असेल तर तो पुसावा, ती ताठर झाली असेल तर नवी घालावी, आणि ज्या कडेवर ती टेकते ती कडही मऊ फडक्याने स्वच्छ करावी, कारण त्या खडबडीत कडेवर नवी चकतीसुद्धा गळते. झाकण परत लावताना बटणाखालचे दांडे जरा जास्त लांब राहिले, तर व्हॉल्व्ह कायम किंचित दाबलेला राहतो. दुरुस्तीनंतरही गळती थांबत नाही, अशी तक्रार येते तेव्हा कारण पुष्कळदा एवढेच असते.

टाकीत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्यांना माझा स्पष्ट विरोध आहे. त्या पाण्यात रबराचे वायसर रात्रंदिवस बुडून राहतात, फुगतात आणि तडकतात. स्वच्छतेचे द्रावण भांड्यातच वापरावे. पाणी वाचवण्यासाठी टाकीत वीट ठेवण्याचा सल्लाही सोडून द्यावा. वीट पाण्यात झिजते आणि तिचा चुरा नेमका व्हॉल्व्हच्या कडेवर जाऊन बसतो.

पाण्यात क्षार जास्त असतील, तर भांड्याच्या काठाखालची भोके हळूहळू बुजतात. फ्लशचे पाणी मंद झाले की लोक टाकीला दोष देतात, पण लहान आरसा काठाखाली धरून पाहिले तर खरे कारण दिसते. कोमट व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचे द्रावण ओव्हरफ्लोच्या नळीतून सावकाश ओतले, की ते थेट काठातील पोकळीत उतरते. ते काही तास तसेच ठेवून मग बारीक तारेने भोके मोकळी करावीत. तीव्र ॲसिडचा सर्रास वापर मात्र टाळावा. त्याच्या वाफेने श्वसनाला त्रास होतो, धातूचे भाग आणि फरशांमधील सिमेंट खराब होते. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. बंदिस्त स्वच्छतागृहात हे जिवावर बेतू शकते, म्हणून एकाच सफाईत दोन वेगवेगळी द्रावणे कधीही वापरू नयेत. सफाईचे काम ज्यांच्याकडे सोपवले आहे, त्यांनाही हे समजावून सांगणे ही आपली जबाबदारी आहे.

अँगल कॉक सहा महिन्यांतून एकदा बंद-उघड करावा, नाहीतर ऐन गरजेच्या वेळी तो जाम झालेला आढळतो. टाकीला जोडलेल्या कनेक्शन पाईपवरील तारेच्या वेणीवर गंजाचे ठिपके दिसले, की तो फुटण्याची वाट न पाहता बदलावा. सीट डावी-उजवीकडे सरकत असेल, तर तिचे नट हाताने घट्ट करावेत, पान्ह्याने फार आवळल्यास भांड्याला चीर जाऊ शकते. आणि भांडेच हलत असेल, तर कडेने पांढरे सिमेंट भरून ते झाकू नये. हलत्या भांड्याखालचा सांधा उघडा पडलेला असतो आणि गळणारे पाणी फरशीखाली जात राहते.

या सर्वांसाठी फार मोठ्या कौशल्याची गरज नाही, गरज आहे ती माहितीची, आणि ती देणे उत्पादकांना सहज शक्य आहे. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नमुन्याचे नाव, फ्लोट व्हॉल्व्ह, फ्लश व्हॉल्व्ह व वायसर यांचे क्रमांक, तसेच हे भाग किती वर्षे पुरवले जातील त्याची हमी, एवढा मजकूर न पुसला जाईल अशा शाईने छापला पाहिजे. तोवर ग्राहकांनी पावतीबरोबर भागांचे चित्र असलेले पत्रक मागून घ्यावे आणि ते एका पिशवीत घालून स्वच्छतागृहातील कपाटातच ठेवावे. आपल्या पुरवणीत याच विषयावर अनुभवी प्लंबर मंडळींकडून सचित्र लेख लिहवून घेतल्यास वाचकांची मोठी सोय होईल, अशी माझी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक